रेपसीड आणि त्याचे तेल : या चुका टाळा

रेपसीड या मोहरीच्या कुळातील तेलबियांच्या पिकाची उगवण विरळ झाली की दोष बहुधा बियाण्याला दिला जातो. प्रत्यक्षात बी पुष्कळदा नको तितके खोल पेरलेले असते. हजार दाण्यांचे वजन जेमतेम 3 ते 6 ग्रॅम भरते आणि एवढ्याशा दाण्यातील अन्नसाठ्यावर कोंब फार खोलातून वर येऊ शकत नाही. म्हणून ढेकळे फोडून माती बारीक करावी आणि बी साधारण 1 ते 2.5 सेंटीमीटर खोलीवरच ठेवावे.

पाने फिकट दिसताच नत्राचा हप्ता वाढवणे ही दुसरी घाई. आधी कोणती पाने फिकटली ते पाहावे: खालची जुनी पाने पिवळी पडली असतील तर नत्र कमी आहे, पण कोवळी पाने फिकट होऊन वाटीसारखी वळत असतील तर गंधक हवे आहे. अशा वेळी नुसते नत्र दिल्यास गंधकाची कमतरता अधिकच जाणवते.

एकाच शेतात वर्षानुवर्षे हेच पीक घेऊ नये. खोडकुजीच्या बुरशीच्या काळ्या कठीण गाठी मातीत अनेक वर्षे टिकतात आणि सूर्यफुलावरही हीच बुरशी येते, त्यामुळे फेरपालटीत सूर्यफूल घेऊन फारसे काही साधत नाही.

सर्वांत महागात पडते ती काढणीची चूक. शेंगा खालून वर पिकत जातात. शेंड्याच्या शेंगा वाळण्याची वाट पाहत राहिल्यास खालच्या तडकतात आणि सर्वांत भरलेले दाणे मातीत जातात. ते पुढील काही वर्षे तणासारखे उगवत राहतात, हा त्रास वेगळाच. मळलेले बी 8 टक्क्यांहून अधिक ओलाव्यात साठवल्यास ते आतून तापते, आणि तेलाच्या खवट चवीची सुरुवात पुष्कळदा तिथेच झालेली असते.

तेलासाठी बी घेताना वाण विचारणे टाळू नये. जुन्या वाणांच्या तेलात इरुसिक आम्ल, म्हणजे जास्त प्रमाणात आरोग्याला अपायकारक मानले जाणारे मेदाम्ल, भरपूर असे. कॅनडात 1974 मध्ये ‘टॉवर’ हा इरुसिक आम्ल आणि ग्लुकोसिनोलेट (बियांतील तिखट-कडवट गंधकयुक्त द्रव्ये) दोन्ही कमी असलेला वाण आला, आणि अशा वाणांच्या म्हणजे कॅनोलाच्या तेलात इरुसिक आम्लाचे प्रमाण आता 2 टक्क्यांहून कमी असते. मात्र औद्योगिक वापरासाठी जास्त इरुसिक आम्लाचे वाण आजही पिकवले जातात, आणि दाणे नुसते पाहून हा फरक कळत नाही.

तळताना माशासारखा वास आला तर तेल भेसळीचेच आहे असे समजू नये. या तेलात सुमारे 10 टक्के लिनोलेनिक आम्ल असते आणि ते उष्णतेने व हवेने लवकर बिघडते. घाण्याचे तेल कमी आचेवरच्या स्वयंपाकासाठी ठेवावे, तळण्यासाठी शुद्ध केलेले तेल वापरावे, बाटली उजेडापासून दूर ठेवावी आणि कढईतल्या उरलेल्या तेलात नवे तेल ओतू नये.