लोकरीला रंगवण्याआधी सोयाचं दूध: एकच हात, तोही पातळ

सोयाच्या दुधातलं प्रोटीन कापडावर रंग धरून ठेवतं, म्हणून रंगवण्याआधी त्याचा हात देतात. पण लोकर मुळात प्रोटीनच आहे, केराटिन. त्यामुळे कॉटनसारखे तीन-चार हात द्या म्हणणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका, कापड कडक होतं आणि घासलं की वरचा रंग भुकटी होऊन निघतो. ब्रशने रंगवायचं असेल, ब्लॉक (लाकडी ठसा) मारायचा असेल किंवा माती-काजळीसारखे रंग धरून ठेवायचे असतील तर दूध कामाचं. नुसतं रंगाच्या पाण्यात उकळायचं असेल तर रंग पक्का धरायला तुरटी पुरते, दुधाचा खटाटोप कशाला.

सोयाबीन रात्रभर भिजवा, वाटा, पातळ कापडातून दोनदा गाळा. एक भाग दुधाला पाच भाग पाणी.

आता खरी गोची. दूध आधी, तुरटी नंतर. उलटं केलं की तुरटीने दूध फाटतं आणि बारीक कण कापडाला चिकटतात, ओल्यात दिसत नाहीत, रंगात गेल्यावर मात्र गडद ठिपके उठतात आणि मग कितीही धुवा, जात नाहीत. व्हिनेगरचं पाणी दिलेलं कापड असेल तरी तेच. दूध ताजंच हवं, गरमीत काही तासांत आंबतं. काचेच्या ग्लासात चमचाभर दूध पाण्यात घालून ग्लास तिरका करा, काचेवर रवा चिकटल्यासारखं दिसलं तर सरळ ओतून द्या, परत गाळून वापरायचा मोह नको.

कापड आधी साध्या पाण्यात पूर्ण भिजवून पिळा, मगच दुधात घाला, कारण लोकरीचे खवले पाणी झटकतात आणि कोरडं कापड जागोजागी कमी-जास्त पितं. अर्धा तास ठेवा, मधेमधे उलटा, चोळू नका. आणि दोरीवर निथळत टाकू नका हो! दूध खाली उतरून काठाला जमतं आणि तो काठ कायम गडद दिसतो. टॉवेलात गुंडाळून मशीनमध्ये फक्त स्पिन करा, मग सावलीत आडवं पसरून अधूनमधून पालटत वाळवा.

वाळल्यावर ब्लॉक-ब्रशचं काम लगेच करता येतं, पण दोन-चार दिवस थांबलात तर थर जास्त पक्का बसतो. नंतर उकळून रंगवायचं असेल तर कोरड्या वजनाच्या 10-12 टक्के तुरटी, गार पाण्यापासून हळूहळू 80-85 अंशांपर्यंत, तासभर. गार त्याच पाण्यात होऊ द्या, गरम लोकर नळाखाली धरली की आटलीच समजा.