कोटी किलोमीटरला एक मीटर : रस्त्यावर मांडा सूर्यमाला

शाळेच्या तक्त्यात आठही ग्रह खांद्याला खांदा लावून उभे असतात. तो तक्ता आधी गुंडाळून ठेवा. सूर्यमाला पायांनी कळते. साडेचारशे मीटरचा सरळ, वर्दळ नसलेला रस्ता, टेप आणि खडू, एवढं पुरतं.

घोळ होतो तो प्रमाणात. माझाही तिथेच झाला. मिलियन-बिलियनची शून्यं मोजत बसलो आणि शनी 14 मीटरवर, म्हणजे पृथ्वीच्याही अलीकडे मांडला. मुलांनी ते तसंच वहीत उतरवलं, ते अजून सलतं. तेव्हापासून एकच हिशेब ठेवलाय: एक कोटी किलोमीटरला एक मीटर, एक लाखाला एक सेंटीमीटर, दहा हजाराला एक मिलिमीटर. पृथ्वी सूर्यापासून 15 कोटी किलोमीटरवर, म्हणून 15 मीटर. सूर्याचा व्यास सुमारे 14 लाख किलोमीटर, म्हणून 14 सेंटीमीटर. शून्यांना हातच लावायचा नाही.

दुसरी चूक याहून वाईट. "ग्रह दिसतच नाहीत, जरा मोठे करू या," असं कोणीतरी म्हणतंच. अजिबात ऐकू नका. आकार आणि अंतर एकाच मापाने मोजा, नाहीतर मांडूच नका. पृथ्वी सव्वा मिलिमीटरची, म्हणजे बारीक मोहरी. ती पांढऱ्या पुठ्ठ्यावर चिकटवा. तिच्यापासून दोन बोटांवर रव्याचा बारीक कण, तो चंद्र. माणूस आजवर पृथ्वीपासून लांब गेला तो या दोन बोटांएवढाच. मुलं इथे वाकून बघतात आणि गप्प होतात. दाणा मोठा केलात की हे सगळं गेलं.

बाकीचं सोपं आहे. सूर्याच्या जागी पपनस ठेवा. बुध 5.8 मीटरवर, रव्याचा कण. शुक्र 10.8 वर, मोहरी. मंगळ 23 वर, खसखस. गुरू 78 वर, गोटी. शनी 143 वर, भिजलेला काबुली चणा. युरेनस 287 वर आणि नेपच्यून 450 वर, दोघेही मिऱ्याएवढे.

आता वेग. या मापात प्रकाश सेकंदाला तीनच सेंटीमीटर सरकतो. एका मुलाला पपनसापासून टाचेला अंगठा लावून चालायला सांगा, दर 8 सेकंदांनी एक पाऊल. पृथ्वीच्या मोहरीपाशी पोचायला त्याला सुमारे 8 मिनिटं 20 सेकंद लागतात. घाई करू देऊ नका, तो कंटाळाच महत्त्वाचा आहे. 1977 साली निघालेलं व्हॉयेजर 1 हे अंतराळयान याच मापात तासाला 6 मिलिमीटर जातं आणि आता कुठे अडीच किलोमीटरवर पोचलंय.

"पुढचा तारा कुठे ठेवायचा?" असं मुलं विचारतातच. प्रॉक्झिमा सेंटॉरी सुपारीएवढा, चार हजार किलोमीटरवर. पपनस मुंबईत असेल, तर सुपारी साधारण सिंगापूरला.