प्रबंधाची जाळी आणि तिथीचा हिशेब

एमएफएच्या (ललित कलेतल्या पदव्युत्तर पदवीच्या) प्रबंधासाठी मालवणच्या किनाऱ्यावर जुन्या नायलॉन जाळ्यांचा मांडव उभारायचा, आणि तोही रापणकरांसोबत, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांसोबत, असं ठरवलं होतं. रविवार, सकाळी दहा. पोस्टरही छापलं! त्या दिवशी पौर्णिमा होती. साडेदहाला उधाणाच्या पाण्याने बांबूंच्या बुडाची वाळू खेचून नेली आणि अर्धा मांडव आडवा झाला.

जाळं सांधत बसलेले एक काका म्हणाले, “गो बाय, समुद्र काय घड्याळ बघता?” मग त्यांनी हिशेब शिकवला: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाचे सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास, ओहोटी बाराच्या. शिवाय तेव्हा भांग, म्हणजे लहान भरती, पाणी फार चढत नाही.

वेळापत्रक तिथीवर बसवलं. बांबू नुसते रोवायचे सोडले. वाळूने भरलेली पोती हातभर खोल पुरून त्यांना बांबूंचे ताणाचे दोर बांधले. जाळ्यांची भोकं मोठी ठेवली, वारा आरपार जातो. गाठी मात्र बायकांनी माझ्या सगळ्या सोडून पुन्हा मारल्या. सहयोगी कला म्हणतात ती हीच बहुधा.

अष्टमीला मांडव उभा राहिला. परीक्षकांनाही दुपारी बाराची वेळ दिली. उन्हाबद्दल कुरकुरले, पण आले.