पंचवीस हजारांत घरचा स्टिरिओ: आधी खोली मोजा, मग स्पीकर बघा

दुकानात जाण्याआधी टेप घेऊन खोली मोजा. हे राहून जातं आणि दहा बाय बाराच्या खोलीत कमरेएवढे उभे स्पीकर येऊन बसतात. डग्ग्यावर घुमारा आला की खोलीभर नुसती घुमघुम होते आणि गायकाचा शब्द त्यात बुडतो. एवढ्या खोलीला पाच ते साडेसहा इंची वूफरचे (म्हणजे खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या पडद्याचे), स्टँडवर किंवा कपाटावर ठेवायचे दोन स्पीकर पुरतात. कुठे बसून ऐकणार ती जागाही आत्ताच ठरवा. दोन स्पीकरमध्ये सहा-सात फूट अंतर आणि तुमच्यापासून प्रत्येक स्पीकर साधारण तेवढाच लांब, असा समभुज त्रिकोण बसायला हवा. टेबलाजवळच बसून ऐकणार असाल, तर चार इंची वूफरचे, आतच ॲम्प्लिफायर, म्हणजे आवाजाला ताकद देणारं यंत्र, असलेले ॲक्टिव्ह स्पीकर घ्या.

आता पैशांची वाटणी. पंचवीस हजार असतील तर चौदा-पंधरा स्पीकरवर, सात-आठ ॲम्प्लिफायरवर आणि उरलेले वायर, स्टँड, किरकोळ गोष्टींवर. बरोबरीच्या ताकदीच्या दोन धडधाकट ॲम्प्लिफायरमधला फरक बेताच्या आवाजात ओळखणं कठीण असतं. दोन स्पीकरमधला फरक मात्र पहिल्या आलापातच कळतो. म्हणून तडजोड करायचीच तर ॲम्प्लिफायरवर करा. याच पैशांत मिळणारा पाच स्पीकर आणि सबवूफरचा होम थिएटर संच गाण्यासाठी घेऊ नका. तीच रक्कम सहा खोक्यांत वाटली गेल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला काय येणार? खोक्यावर हजारांत छापलेला ‘पीएमपीओ’, म्हणजे क्षणभराच्या ताकदीचा फुगवलेला आकडाही विसरून जा. बघायचा तो ‘आरएमएस’, म्हणजे सलग मिळणाऱ्या ताकदीच्या वॅटचा, तोही दर चॅनेलमागे (डावी-उजवी बाजू वेगवेगळी), किती ओहमवर, म्हणजे स्पीकरच्या किती विद्युत अवरोधावर मोजला आहे त्यासकट.

खरं महत्त्व आहे ते स्पीकरच्या सेन्सिटिव्हिटीला, म्हणजे ठरावीक ताकद दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो त्याला. तीन डेसिबल वाढवायला दुप्पट वॅट लागतात, सहा डेसिबलला चौपट. म्हणजे ९० डेसिबलचा स्पीकर २० वॅटवर जेवढा वाजतो, तेवढ्यासाठी ८४ डेसिबलच्या स्पीकरला ८० वॅट हवेत. घरात ऐकायला ८७-८८ डेसिबलचा स्पीकर आणि ३० ते ५० वॅटचा ॲम्प्लिफायर ही जोडी निवांत चालते. स्पीकर चार ओहमचा असेल तर ॲम्प्लिफायरच्या पाठीवर चार ओहम लिहिलेलं आहे ना, हे पाहा. नसेल तर तो तापतो, मोठ्या आवाजात बंद पडतो, कधी जळतोही. लहान ॲम्प्लिफायर पूर्ण पिळला की आवाज फाटतो आणि त्या फाटक्या आवाजानं आधी ट्वीटर, म्हणजे बारीक-उंच सूर वाजवणारा छोटा पडदा, जातो. ताकद थोडी जास्त असलेली बरी, कमी नको.

दुकानात ऐकताना स्वतःची रेकॉर्डिंग न्या, दुकानदाराची नव्हेत. तंबोऱ्यावर एकट्या गळ्याचं गाणं, तबला आणि हार्मोनियम एवढं पुरे. ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचतात का? डग्ग्याची मींड नीट खाली उतरते, की प्रत्येक थाप एकाच सुरात धपधपते? दोन जोड्यांची तुलना करताना आवाज सारखा ठेवा. किंचित मोठा वाजणारा स्पीकर नेहमीच चांगला भासतो, आणि याच युक्तीनं महागडा माल गळ्यात पडतो. मोबाइलवरच्या डेसिबल मीटरनं मोजलंत तरी काम भागतं.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जुनं सामान शोधणार असाल, तर जाळी काढायला लावा आणि वूफरच्या कडेची गोल पट्टी बोटानं हलकेच दाबा. फोमची असेल आणि बोटाला काळा चिकट भुगा लागला, तर तो वूफर गेलेला. दमट हवेत फोम लवकर कुजतो. रबराची पट्टी खूप जास्त टिकते. ॲम्प्लिफायर लावून गाणं न वाजवता ऐका: व्हॉल्यूम फिरवताना खरखर आली तर काँटॅक्ट क्लीनरनं बहुधा जाते, पण व्हॉल्यूम शून्यावर असतानाही जाडसर घूं येत राहिली तर आतला वीजपुरवठा स्थिर ठेवणारे फिल्टर कपॅसिटर वाळलेले असू शकतात. बदलण्याचा खर्च किमतीतून वळता करून घ्या.

घरी आल्यावर जोडणी. पाच मीटरपर्यंत दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची साधी वायर उत्तम चालते, महागड्या केबलचा मोह नको. लाल टोकाला लाल, काळ्याला काळं. एका बाजूला उलटं झालं तर खर्ज पोकळ होतो आणि गायकाची जागाच सापडत नाही. जुन्या स्पीकरवर खुणा पुसल्या असतील तर वायर सुटी करून दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर लावा. वूफर बाहेर आला, तर सेलच्या प्लसला लागलेलं टोक लाल.

ट्वीटर कानाच्या उंचीला, स्पीकर मागच्या भिंतीपासून निदान एक फूट पुढे. कोपऱ्यात सरकवू नका, खर्ज फुगतो. आपल्या घरांत टाइल्स आणि कोऱ्या भिंती फार. मधोमध उभं राहून टाळी वाजवा, मागे टर्रर असा ओढलेला आवाज आला तर स्पीकर आणि तुमच्या मध्ये जाड सतरंजी घाला, खिडकीला जाड पडदा लावा.

शेवटी एक मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरना एकच आवाज देणारं रेकॉर्डिंग लावा. बालगंधर्वांच्या ७८ गतीच्या तबकड्यांवरून उतरवलेलं एखादं नाट्यपद चालेल. आवाज दोन खोक्यांतून न येता बरोबर मधल्या रिकाम्या जागेतून यायला हवा. एका बाजूला कलत असेल तर आधी बॅलन्सचं बटण मधोमध आहे का बघा. मग दोन्ही स्पीकर तुमच्या खुर्चीपासून मोजा आणि एकेक इंच सरकवत राहा.