हाताने बनवलेल्या पाच भेटकार्डांच्या संचाची किंमत कशी काढाल?

मी मुंबईतल्या अब्दुल रहमान स्ट्रीटवरून जाड कागद घाऊक आणते. एका कार्डाला कागद ६ रुपये, पाकीट ३, रंग-डिंक-लेस ४, पारदर्शक पिशवी १. खराब होणाऱ्या कागदाचे २ धरा. झाले १६.

आता मजुरी, आणि ती सोडायची नाही! तासाला १२० रुपये धरले आणि कार्डाला पाव तास लागला, तर ३० रुपये. म्हणजे एक कार्ड ४६ला पडलं. पाच कार्डं २३०, वरची पट्टी-रिबीन १०. एकूण २४०.

खरी गोम कमिशनमध्ये आहे. दादरचा दुकानदार विक्रीवर ३० टक्के ठेवणार असेल, तर २४०वर ३० टक्के चढवू नका. ३१२ला विकलंत तर हातात जेमतेम २१८ येतात. विक्रीचे ७० टक्केच तुमच्याकडे येणार, म्हणून २४०ला ०.७०ने भागा: ३४३. मी ३५० लावते.

सुटं कार्ड ८०ला ठेवा, म्हणजे पाचांमागे ५० वाचतात हे गिऱ्हाईकाला लगेच दिसतं. स्वतःच्या स्टॉलवरही ३५०च लावा. तिथे कमिशन नसलं तरी जागेचं भाडं असतं, आणि तुम्ही स्वस्त विकलंत तर दुकानदार पुन्हा माल घेणार नाही.