अध्यक्षाला मत देण्याआधी इतिवृत्ताची वही उघडा

आमच्या टेबल टेनिस क्लबाची मी 23 वर्षं सभासद आहे. त्यातल्या पाच निवडणुकांत मतमोजणीच्या टेबलावर बसले आहे. मत कुणाला द्यावं, असं मला दर वेळी कुणी ना कुणी विचारतं. मी नाव सांगत नाही, कसं ठरवायचं ते सांगते. तेच इथे लिहिते आहे.

आधी माझी चूक. आमच्या संघाचा कर्णधार सलग दोन वर्षं करंडक घेऊन आला आणि आम्ही त्याला अध्यक्ष केलं. मीही त्यालाच मत दिलं होतं. पुढच्या वर्षी हॉलची लाकडी जमीन बदलली. ठेकेदार त्याच्या मेहुण्याचा भागीदार निघाला, आणि हे आम्हाला काम संपल्यावर कळलं. मी इतिवृत्ताची वही काढली. त्यात एकच ओळ होती: ‘जमिनीच्या कामास सर्वानुमते मान्यता.’ किती दरपत्रकं आली, विषय कुणी मांडला, कुणी शंका काढली, याचा पत्ताच नव्हता. माणूस वाईट नव्हता. पण मैदानावर झटपट निर्णय घेणारा माणूस समितीतही एकट्यानेच निर्णय घेत होता, आणि त्याला थांबवायची सवय आम्हा सभासदांना नव्हती.

मोठ्या क्लबांतही हेच होतं. स्पेनमधल्या बार्सिलोना या फुटबॉल क्लबाचे सभासद आपला अध्यक्ष स्वतः निवडतात. 2015 साली संघाने स्पेनची लीग, स्पेनचा चषक आणि युरोपातली चॅम्पियन्स लीग असं सगळं जिंकलं आणि काही आठवड्यांतच जोसेप मारिया बार्तोमेऊ निवडणुकीत सहज निवडून आले. पाच वर्षांनी त्यांच्याविरुद्ध अविश्वासासाठी सह्यांची मोहीम निघाली. 16,520 सह्या हव्या होत्या, जमल्या 20,000 हून जास्त. मतदानाआधीच, 27 ऑक्टोबर 2020 रोजी, त्यांनी राजीनामा दिला. ऑगस्ट 2021 मध्ये नव्या अध्यक्षांनी कर्जाचा आकडा जाहीर केला: 135 कोटी युरो. एवढं कर्ज एका रात्रीत होत नसतं. दर वर्षीच्या ताळेबंदात ते वाढत गेलेलं असतं.

तेव्हा सुरुवात क्लबाच्या घटनेपासून, म्हणजे लेखी नियमावलीपासून, करा. चिटणिसांकडे प्रत मागा. सभासदाला ती मिळायलाच हवी, आणि द्यायला टाळाटाळ झाली तर तीही नोंद करून ठेवा. एक माणूस किती काळ पदावर राहू शकतो, उमेदवार कोण होऊ शकतो, मताचा हक्क सभासद झाल्यावर किती दिवसांनी मिळतो आणि विशेष सभा बोलवायला किती सह्या लागतात, ही कलमं पेन्सिलीने खुणा करून वाचा. पात्रतेच्या अटीवर जास्त वेळ द्या. स्पेनच्याच रिअल माद्रिद या फुटबॉल क्लबाचा अध्यक्ष व्हायचं तर 20 वर्षांचं सभासदत्व आणि क्लबाच्या अंदाजपत्रकाच्या 15 टक्के रकमेची स्वतःच्या मालमत्तेवर बँक हमी लागते. 2009 पासून 2025 पर्यंत फ्लोरेन्तिनो पेरेझ दर वेळी बिनविरोध निवडून आले. कागदावर निवडणूक असते, पण अशा अटीत बसणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघतात. तुमच्या घटनेत अशी अट असेल, तर उमेदवारांवर चर्चा करण्याआधी ती बदलण्याचा ठराव आणा.

मतदारयादी लागली की ती वाचा. कंटाळवाणं काम आहे, पण करा. एका वर्षी निवडणुकीआधीच्या शेवटच्या आठवड्यात सभासदत्वाचे 40 नवे अर्ज आले. सगळे एकाच निळ्या शाईत, एकाच हस्ताक्षरात, आणि सूचक म्हणून एकाच सभासदाची सही. घटनेत सहा महिन्यांची अट होती म्हणून त्यांना मत मिळालं नाही. अट नसती तर निकाल त्या 40 जणांनी लावला असता.

उमेदवाराला स्वप्नं विचारू नका, ती सगळ्यांकडे असतात. गेल्या वर्षी समितीच्या किती बैठकांना हजर होता, कुठल्या ठरावाला विरोध केला होता आणि क्लबाशी व्यवहार करणाऱ्या कुणाशी नातं आहे का, एवढं विचारा. उत्तरं वहीशी ताडून बघा. आणि फक्त अध्यक्षाकडे बघत बसू नका. खजिनदार आणि चिटणीस खंबीर असतील तर मध्यम अध्यक्षही चालून जातो. हे दोघं त्याच्या मर्जीतले असतील, तर चांगल्या अध्यक्षाचीही मला धास्ती वाटते.

निवडून दिल्यावर आपलं काम सुरू होतं. वार्षिक सभेच्या आठवडाभर आधी हिशेब हातात घ्या आणि गेल्या वर्षीचा रकाना शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचा. मी सर्वांत आधी ‘इतर खर्च’ बघते. तो दुप्पट झाला असेल तर लेखी प्रश्न पाठवते, कारण सभेत उभं राहून विचारलं की ‘माहिती घेऊन सांगतो’ एवढंच ऐकायला मिळतं. मग थकलेली वर्गणी कुणाची आहे ते बघते. समितीतल्याच लोकांची असेल तर बोलणं भाग आहे. त्यानंतर कुमार गटातली किती मुलं दुसऱ्या वर्षी परत आली ते मोजते. माझ्या लेखी अध्यक्षाच्या कामाचं खरं माप हेच आहे. करंडक चार जणांच्या जोरावर येतो, पण मुलं टिकतात ती क्लब नीट चालतो म्हणून.

सभेत आणखी एक गोष्ट बघा. टीका करणारा सभासद बोलत असताना अध्यक्ष त्याचं वाक्य पुरं होऊ देतो का? आणि ती टीका पुढच्या इतिवृत्तात उमटते का?

अविश्वास ठराव अगदी शेवटी. पण आणायचाच झाला तर नीट आणा: एकच मुद्दा, नेमके शब्द, प्रत्येक सहीपुढे सभासद क्रमांक, आणि गरजेपेक्षा चांगल्या पंचवीस टक्के जास्त सह्या, कारण पडताळणीत काही बाद होतातच. सभासदांनी ठरवलं तर हे होतं. पोर्तुगालमधल्या लिस्बनच्या स्पोर्टिंग या फुटबॉल क्लबात जून 2018 मध्ये सुमारे 71 टक्के मतांनी सभासदांनी अध्यक्ष ब्रुनो द कार्व्हाल्यो यांना पदावरून दूर केलं. त्याच्या महिनाभर आधी सराव मैदानात घुसून लोकांनी खेळाडूंना मारहाण केली होती.

आणि पदभार हातोहात घ्या. आमच्याकडे त्या कर्णधाराची मुदत संपली, नवी समिती आली, आणि इतिवृत्ताची वही दोन महिने मिळाली नाही. बँकेतल्या सह्या बदलायला त्याहून उशीर झाला. आता निवडणुकीच्याच सभेत यादी वाचली जाते: किल्ल्या, वही, सभासद नोंदवही, बँकेची कागदपत्रं, ईमेलचा पासवर्ड. जुने आणि नवे चिटणीस सगळ्यांसमोर सही करतात, मगच खुर्च्या आवरायला घेतो.