जीएमसी ट्रकचं मॉडेल कापून आखूड करताय? मागे ट्रेलर पण लावणार? मग या चुका टाळा

दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकन अडीच टनी जीएमसी, म्हणजे सीसीकेडब्ल्यू, मॉडेलची कापाकापी शिकायला एकदम भारी ट्रक आहे. पाच लाखांच्या वर बनले, त्यामुळे फोटो ढिगाने मिळतात, नॉर्मंडीपासून आपल्या आसाममधल्या लेडो रोडपर्यंत सगळीकडे धावलाय. घरात त्याच्या लांब चासीच्या प्रकाराचा, म्हणजे 353 चा, 1/35 (खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढा) किट पडून असेल तर त्यातूनच आखूड प्रकार, 352, काढता येतो आणि मागे एक टनी बेन हर ट्रेलर प्लास्टिक शीटमधून स्क्रॅचने, म्हणजे किटशिवाय, बनवता येतो. पण लोक यात ठरावीक ठिकाणी अडकतात.

सगळ्यात महागात पडते ती घाईने ब्लेड चालवायची सवय. 353 चा व्हीलबेस 164 इंच, 352 चा 145. 1/35 मध्ये एक इंच म्हणजे 0.726 मिमी, म्हणजे 119 मिमीचे 105.2 करायचेत, मधून 13.8 मिमी काढायचे. हे गणित सगळ्यांना जमतं, घोळ होतो तो कुठून कुठे मोजायचं यात, कारण मागे दोन ॲक्सल आहेत आणि व्हीलबेस धरतात तो पुढच्या ॲक्सलपासून मागच्या दोन ॲक्सलच्या बरोबर मधल्या बिंदूपर्यंत, पहिल्या मागच्या ॲक्सलपर्यंत नाही. शिवाय नेटवरून घेतलेलं ड्रॉइंग प्रिंट करताना प्रिंटर "फिट टू पेज" करून गुपचूप लहान करतो, मग तुम्ही कितीही काटेकोर मोजा, मापच खोटं. माझं मत सरळ आहे, आधी चाक मोजा. या ट्रकला 7.50-20 चे टायर, व्यास साधारण 93 सेंमी, म्हणजे 1/35 मध्ये साडेसव्वीस मिमीच्या आसपास. ड्रॉइंगमधलं चाक तेवढं भरलं की पुढे बोलू. फोटोवरून माप काढतानाही हेच चाक वापरायचं, फक्त फोटो बरोब्बर बाजूने काढलेला पाहिजे.

चाकच दुसऱ्या किटमधलं घेताना पण हीच कसोटी लावा. 1/32 आणि 1/35 जवळजवळ सारखंच असं बरेच जण म्हणतात, पण फरक नऊ टक्क्यांच्या वर आहे, तेच चाक 29 मिमीचं होतं आणि ट्रक खेळण्यातला दिसायला लागतो. जेरीकॅन किंवा खोकी थोडी लहानमोठी चालून जातात, चाक, दरवाजा आणि स्टिअरिंग नाही चालत.

आता चासी. सरळ काप देऊन टोकाला टोक चिकटवलं की हौदा बसवताना सांधा तुटणार हे धरूनच चाला. काप पायरीसारखा द्या, म्हणजे दोन्ही टोकं एकमेकांवर बसतील, आणि चॅनलच्या आतल्या बाजूने पितळी पट्टी लावा, बाहेरून दिसत नाही. कापायचं ते केबिन आणि मागच्या स्प्रिंग-पाट्यांच्या मधल्या सरळ भागात, आणि डावा-उजवा काप एकाच रेषेत. जोडणी जाड काचेवर, खाली ग्राफ पेपर आणि बाजूला गुण्या ठेवून करा, नाहीतर सहापैकी एक चाक हवेत राहतं. राहिलंच तर ॲक्सल वाकवत बसू नका, पाट्याखाली 0.25 मिमीचा शीटचा तुकडा सरकवून बघा. आणि प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनची ताकद चाकांकडे नेणारा दांडा! चासी 13.8 ने कमी केली तर मागचा शाफ्ट पण तेवढाच कमी करायला लागतो, लोक तो वाकडा करून कोंबतात.

दोन किट एकत्र करताना ॲक्सलचा प्रकार बघा. या ट्रकला स्प्लिट (मधला गोळा दोन भाग बोल्टने जोडलेला) आणि बँजो (मधला गोळा अखंड) असे दोन प्रकारचे ॲक्सल यायचे, पुढे एक आणि मागे दुसरा लावला तर जाणकार माणूस मॉडेल उलटं करून पहिलं तेच दाखवतो. हौदा पण नुसता सरकवून चालत नाही, 353 चा 12 फुटी आणि 352 चा 9 फुटी, म्हणजे 104.5 मिमी आणि 78.4 मिमी. स्पेअर चाक केबिनच्या मागे उभं येतं, त्याची जागा आधीच सोडा.

शीटची जाडी हा विषय मात्र कोणी फारसा मनावर घेत नाही. अर्धा मिमी शीट म्हणजे खऱ्यात साडेसतरा मिमी पोलाद, तेवढ्या जाडीचा मडगार्ड असेल तर तो रणगाडाच म्हणायचा. सगळी शीट पातळ करायची गरज नाही, फक्त दिसणारी कड आतून कानशीने तिरकी घासा, डोळा फसतो. लाकडी फाळक्याला उलट 0.75 मिमी बरोबर बसतं, कारण ती एक इंची फळी झाली. जुनी एटीएम कार्डं वापरत असाल तर लक्षात ठेवा, ती सहसा पीव्हीसीची असतात, स्टायरीनचा (किटच्या प्लास्टिकचा) पातळ सिमेंट, म्हणजे प्लास्टिक विरघळवून जोडणारा गोंद, त्यावर नीट पकडत नाही, फेविक्विक लागतं. आणि फेविक्विक काचेजवळ नको, वाफेने काच पांढरी होते, तिथे साधा फेव्हिकॉल.

मोठी फट एका दमात पुट्टीने भरली की ती सुकताना बसते आणि रंगानंतर खड्डा दिसतो. मोठ्या फटीला शीटचा तुकडा किंवा एम-सील, बारीक रेषांना फेविक्विक आणि टाल्कम पावडर, आणि लगेच घासा, दुसऱ्या दिवशी ते दगड होतं.

ट्रेलरची चाकं ट्रकचीच, 7.50-20, त्यामुळे किटमधलं एक चाक घेऊन सिलिकॉन मोल्डमधून रेझिनची कॉपी काढता येते. पावसाळ्यात पॉलियुरेथेन रेझिन ओलाव्याने फेसाळतं, बुडबुडे आले की लोक मोल्डला दोष देतात. बाटली घट्ट बंद ठेवा, मोल्ड कोरडा करून आत टाल्कम भुरभुरवा. घासताना मास्क लावा आणि पाण्यात घासा, ती धूळ चांगली नाही.

ट्रेलर वेगळा पूर्ण करून शेवटी ट्रकला जोडायचा प्लॅन असेल तर तो आताच बदला. ट्रक चाकांवर उभा करा, हुकाची उंची मोजा, मग ट्रेलरचा ॲक्सल ठरवा, म्हणजे हौदा जमिनीला समांतर राहील. ओढायची रिंग तांब्याची तार ड्रिल बिटवर गुंडाळून करा, प्लास्टिकची तुटते. साखळी इमिटेशन ज्वेलरीवाल्याकडची चालते पण कडी दीड मिमीच्या आतली घ्या. हवेचे पाइप लावू नका, या ट्रकचे ब्रेक हायड्रॉलिक होते, लाइटची एक केबल पुरे.

रंग दोघांना एकाच दिवशी, एकाच मिक्समधून द्या, तामियाचा एक्सएफ-62, म्हणजे ऑलिव्ह ड्रॅब हा लष्करी हिरवा, घेऊन थोडा फिकट केला तरी चालेल. दमट हवेत लॅकर किंवा मॅट वार्निश मारलं तर पांढुरकं पडतं, कोरड्या दिवसाची वाट बघा. धूळ मात्र सारखी नको, ट्रकची मागची चाकं जे उडवतात ते ट्रेलरच्या पुढच्या फाळक्यावर जाऊन बसतं, तिथे पिगमेंट (धुळीसाठीची रंगीत पूड) जास्त आणि ताडपत्रीवर कमी.